एकट्याच्या पाळीची राखण



दिंद्रुडच्या या परिषदेला माजलगाव, धारूर, तेलगाव, सिरसाळ्याहून जिनिंगचे मालक, पतसंस्थांचे व्यवस्थापक, पेट्रोल पंपांचे चालक आणि वीजकामाचे ठेकेदार आले आहेत; विषय आहे एकट्यानं पाळी करणाऱ्या माणसांचा. सरकीच्या ढिगाशेजारी रात्र काढणारा वॉचमन, पंपाच्या केबिनमध्ये गल्ला सांभाळत बसलेला पोरगा, भर पावसात बॅटरी घेऊन डीपीकडे निघालेला वायरमन, ही सगळी इथलीच माणसं. त्यांच्यासाठी धोक्याची खबर देणारं कोणतं यंत्र घ्यावं, स्वस्तात काय बसेल, असं सकाळपासून अनेकांनी मला विचारलं. मी त्यांना उलट विचारतो : तुमचा माणूस आज रात्री दोन वाजता पडला, तर दुसऱ्या कुणाला ते किती वाजता कळेल?

कळायला किती उशीर होऊ शकतो ते पाहा. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तळघरात हल्ला झाला. कपडे बदलायला त्या एकट्याच खाली गेल्या होत्या. रुग्णालय माणसांनी भरलेलं होतं, तरी अख्खी रात्र गेली आणि त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी सकाळी. १८ मे २०१५ ला त्यांचं निधन झालं, तोवर त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. वर्दळीच्या ठिकाणीसुद्धा माणूस एकटा पडू शकतो. मग गावाबाहेरच्या गोदामाचं काय सांगावं!

मग मदत मागायची कशी? आधी हातातला फोन पाहा. मोबाइलमध्ये तातडीचं बटण असलंच पाहिजे, असा नियम २०१७ पासून आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. तातडीच्या मदतीचा ११२ क्रमांक तर सगळ्यांसाठी आहेच. या सोयी फुकट आहेत. आपल्या माणसाच्या हातातल्या फोनवर त्या खरोखर चालतात का, हे त्याच्याबरोबर बसून तपासून घ्या. पण बटण दाबायला माणूस शुद्धीवर लागतो. करंट बसलेला वायरमन बटण दाबू शकत नाही.

आणि कधी कधी आपल्याला मदत हवी आहे, हेच माणसाला कळत नाही. मण्यार सापाचंच घ्या. ती रात्री फिरते आणि जमिनीवर आडव्या झालेल्या माणसाला चावते. पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. काही वेळानं पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास कोंडतो. आपल्याला झोप येतेय असंच वॉचमनला वाटत राहतं. म्हणून खुशालीच्या नुसत्या मिस्ड कॉलवर मी समाधान मानत नाही. दर तासाला फोन उचलून दोन वाक्यं बोलायची. ऐकणाऱ्याला आवाजातला फरक कळतो. बोलण्याचा जादा पैसा आता बहुतेक रिचार्जमध्ये लागत नाही, लागते ती पलीकडे जागी असलेली व्यक्ती.

ही जागी व्यक्ती आणायची कुठून? दिंद्रुडला पोलीस ठाणं आहे, तिथं रात्री अंमलदार असतो. वीज उपकेंद्रात यंत्रचालक जागा असतो, पंपावर माणूस असतो, जिनिंगच्या हंगामात दोन-तीन वॉचमन असतात. या जागणाऱ्यांची साखळी लावा. एकानं दुसऱ्याला फोन करायचा, वेळ वहीत लिहायची. ठरल्या वेळेवर दहा मिनिटं उलटूनही फोन आला नाही, तर वाट पाहणाऱ्यानं स्वतः फोन लावायचा. तोही उचलला नाही, तर मालकाला उठवायचं, आणि मालकानं सोबत माणूस घेऊन निघायचं. मालकांनो, इथे सबब चालणार नाही. कुणी धमकावून शेजारी उभा असेल, तर त्या वेळी बोलायचा एक साधा शब्द आधीच ठरवून ठेवा.

एवढं बसलं की मग यंत्राकडे वळा. घ्यायचंच तर माणूस पडल्यावर किंवा बराच वेळ न हलल्यावर स्वतःहून खबर देणारं घ्या. विकणाऱ्याला तुमच्याच आवारात, रात्री, लाईट गेलेली असताना ते चालवून दाखवायला लावा. पत्र्याखाली जीपीएस नीट लागत नाही, आणि लाईट फार वेळ गेली की टॉवरची रेंजही जाते. दर महिन्याला किती द्यायचे आणि खबर कुणाच्या फोनवर येणार, हे कागदावर घ्या. ब्रिटनमध्ये एकट्यानं काम करणाऱ्यांसाठी बीएस ८४८४ नावाचं मानक २००९ मध्ये आलं. त्यात उपकरणाबरोबर खबर घेणारं केंद्र आणि पुढची मदत यांचाही विचार आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि पाळी संपली की माणसाचा माग काढणं बंद. हे त्याला आधी सांगा, नाहीतर तो यंत्र घरी ठेवून येईल, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मात्र काही कामं एकट्यानं करायचीच नसतात. खांबावर चढणं, विहिरीत किंवा टाकीत उतरणं. तिथे यंत्राचे पैसे दुसऱ्या माणसाच्या मजुरीत घाला. लाईन बंद ठेवण्याचं परमिट घेतलं का, लाईन तोडणारा एबी स्विच उघडला का, अर्थिंग लावलं का, हे खालून विचारणारा कुणीतरी पाहिजे. आपल्याकडे गावोगाव झिरो वायरमन आहेत. त्यांचं नाव हजेरीत नसतं, हातात मोजे नसतात, आणि फ्यूज टाकायला मात्र अंधारात पहिली हाक त्यांनाच जाते. कुठल्याही देखरेखीच्या यादीत ते नाहीत, कारण कागदोपत्री ते कामावरच नाहीत.

संध्याकाळच्या ठरावांत मी त्यांच्यासाठी एक कलम घातलं आहे : हजेरीत नाव नसलेल्या कुणालाही खांबावर चढवायचं नाही. इथल्या ठेकेदारांनी त्यावर सर्वांत आधी बोलावं, अशी माझी विनंती आहे.