फेरात कोण, फेराबाहेर कोण

(वसमत इथे महिला मंडळांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

तुम्ही वर्गणी काढून आम्हां दोघींना मुंबईला पाठवलंत. जाण्यायेण्याच्या तिकिटाचा हिशेब खजिनदार ताईंकडे दिला आहे. काय पाहिलं आणि काय वाटलं, याचा हिशेब मला द्यायचा आहे, आणि तो एका रकान्यात बसत नाही. आनंद झाला, रागही आला. दोन्ही लिहून घ्या.

आम्ही गेलो होतो समलिंगी आणि पारलिंगी लोकांच्या मोर्चाला. मुंबईत २००८ सालापासून हा मोर्चा निघतो. कोरोनाच्या काळात खंड पडला होता. मोर्चे आपल्याला नवे नाहीत. रेशनसाठी काढले, दारूच्या दुकानावर नेले, तहसीलवर बसलो. पण आपला मोर्चा चालतो आणि घोषणा देतो. हा मोर्चा नाचत होता. आणि संध्याकाळी एका सभागृहात कार्यक्रम होता, तोही नाचाचाच. म्हणून आज मी नाचाबद्दल बोलणार आहे. कोण नाचतं, कोणाच्या जोडीनं नाचतं, आणि त्या वेळी घरी कोण असतं, याबद्दल.

आधी आनंदाचं सांगते. रस्त्याच्या मधोमध दोन बायांनी फुगडी धरली. चाळिशीच्या असतील. एकीनं साडी नेसलेली, दुसरी शर्ट-पँटमध्ये. पाय जुळवले, हाताची कैची केली आणि गरगर फिरल्या. दमल्या तेव्हा एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत उभ्या राहिल्या. माझ्या सोबतच्या मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर आपली पंचमीची फुगडी." खरंच आपलीच होती. फरक एवढाच की ही भर रस्त्यात होती, आणि पानटपरीवरून कोणी डोळे लावून बसलेलं नव्हतं.

आपल्या गावात बाई नाचते कुठे? वरातीत डीजेपुढे पोरं नाचतात, आपण कडेनं चालतो. गणपतीच्या मिरवणुकीत तेच. पंचमीला, गौरीला आपण नाचतो ते वाड्याच्या आत, बायाबायांत. तिथे बाईचा हात बाईच धरते. त्या फेरात नवऱ्याची जागा नसते आणि बायकोची नसते. दोघी सारख्याच.

अमेरिकेत खेड्यापाड्यातला एक जुना नाच आहे. चार जोड्या चौकोन करून उभ्या राहतात, एक जण हाळी देतो तसं सगळे फिरतात. त्यात जोडी म्हणजे एक बाप्या, एक बाई, असं ठरलेलं. तिथल्या समलिंगी लोकांनी १९८०च्या दशकात या नाचाची आपली मंडळं काढली, दरवर्षी मोठी अधिवेशनं भरवू लागले. पावलं तीच ठेवली, पण जोडीतली कोणती जागा कोणी घ्यायची हे शरीरावरून ठरवायचं नाही, असा नियम केला. त्यांना हा नियम नव्यानं करावा लागला. आपल्या फुगडीत तो आधीपासूनच आहे. मग दोन बायांनी हात धरला याची भीती आपल्याला वाटायला लागते ती कधी? पंचमी संपल्यावरही त्या हात सोडत नाहीत, तेव्हा.

काही जणी म्हणतील, हे मोठ्या शहरातलं खूळ आहे. तसं नाही. १९८७ साली भोपाळला लीला आणि ऊर्मिला या दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं. दोघींची नोकरी गेली. त्या काही परदेशात शिकून आलेल्या नव्हत्या. हातावर पोट असलेल्या बाया होत्या. मराठीतही हा विषय झाकलेला नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ सालचं. १९९८च्या डिसेंबरात 'फायर' सिनेमावरून मुंबईतली थिएटरं फोडली गेली, तेव्हा फोडायला पुढे बायाच होत्या. आणि त्याविरुद्ध दिल्लीत मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या त्यांतही बाया होत्या. म्हणजे हा वाद आपल्या दारात येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली.

आता टोचलेल्या गोष्टी.

संध्याकाळच्या कार्यक्रमात पुरुषांनी नऊवारी नेसून लावण्या केल्या. नाच उत्तम होता. ठेका, अदा, घुंगरांचं काम, सगळं मेहनतीनं कमावलेलं. सभागृहानं शिट्ट्या वाजवल्या, मीही टाळ्या वाजवल्या. पण मनात विठाबाई नारायणगावकर येऊन बसल्या. दिवस भरलेले असताना ही बाई बोर्डावर नाचली, मध्येच आत जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढे उभी राहिली. राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, आणि अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. २००२ साली ती वारली. कोल्हाटी, महार, मांग समाजांतल्या बायांनी पिढ्यान् पिढ्या पोटासाठी लावणी नाचवली आणि त्याबद्दल गावानं त्यांना नावं ठेवली. तीच लावणी शहरातला पुरुष हौसेनं नाचतो तेव्हा ती कला होते, धाडस होतं. हे टोचतं.

इतिहास पाहिला तर आणखी गुंता आहे. तमाशात आधी नाच्या पोऱ्या असायचा, बाया नंतर आल्या. नाच्याची टिंगल झाली. पण त्याच महाराष्ट्रात नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, संगीत नाटकात शालू नेसून उभे राहिले की घरंदाज बाया त्यांच्यासारखं नेसायला शिकायच्या. पुरुषानं बाईचं सोंग घेतलं की त्याची पूजा होणार की टिंगल, हे थिएटर कोणाचं आणि नाचणारा कोणत्या जातीचा यावर ठरत आलं. आणि बाई स्वतः नाचली तर? २००५ साली सरकारनं डान्सबारमधला नाच बंद केला. त्या वेळी स्त्री-चळवळीतही दोन बाजू पडल्या. नाच ही पिळवणूक आहे, असं काही जणी म्हणत होत्या. नाच बंद करून पोट मारता ही पिळवणूक नाही का, असं दुसऱ्या विचारत होत्या. कोर्टकज्जे २०१९पर्यंत चालले. पुरुष लावणीचे कार्यक्रम पाहताना हा वाद विसरून चालणार नाही.

तरी दुसरी बाजूही सांगते. नाचणाऱ्यांतला एक जण आपल्याच मराठवाड्यातला निघाला. बोलीवरून ओळखला. कार्यक्रम झाल्यावर घुंगरं सोडत तो आमच्याशी बोलत बसला. म्हणाला, "मावशी, शाळेत बायल्या म्हणून पोरांनी मारलं. घरी गेलो तर बायल्या म्हणून बापानं मारलं." हा शब्द नीट ऐका. बायल्या. शिवी त्याला, पण मार बाईपणाला आहे. बाईसारखा चाललास, बाईसारखा बोललास, म्हणजे खाली घसरलास. ज्या नजरेनं आपल्याला कमी लेखलं, त्याच नजरेनं त्याला तुडवलं. माझ्या मनातली अढी तिथे बरीच सुटली.

मग तो पुढे बोलला. घरी बायको आहे, दोन लेकरं आहेत. बायकोला सांगून आलाय, कामाच्या ट्रेनिंगला चाललो म्हणून. लग्न का केलंस, विचारलं. म्हणाला, "नाही म्हटलं असतं तर आईनं विहीर जवळ केली असती." आमच्या मावशींनी एकच विचारलं, "मग तिचं काय?" तो साडीची घडी घालत राहिला. उत्तर दिलं नाही.

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी मुंबईहून घेऊन आले आहे.

आपल्या सल्ला केंद्रात बाया येतात. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली, नवरा जवळ येत नाही. सासू वांझ म्हणते. देवाला नवस होतात, डॉक्टरकडे तपासण्या होतात, सगळ्या तिच्याच. त्याला कोणी काही विचारत नाही. असा प्रत्येक नवरा समलिंगी असतो असं मी म्हणत नाही. कारणं पुष्कळ असतात. पण काही घरांत हेही कारण आहे, आणि त्या बाईला आयुष्यभर वाटत राहतं की खोट माझ्यात आहे.

दोघांनाही लग्नात कोंबलं ते त्याच समाजानं, हे खरं. पण कोंडमारा सारखा वाटला गेलेला नाही. त्याला महिन्या-दोन महिन्यांनी मुंबई मिळते, मित्र मिळतात, चार तास घुंगरं मिळतात. तिला काय मिळतं? उपास. आपल्या वसमतची हळद कुठल्या कुठल्या लग्नांत लागते, आपल्याला अभिमान आहे. पण ती हळद लावून घेणाऱ्याला हे लग्न हवं होतं का, हे विचारायची पद्धत आपल्यात नाही. मुलीला तर नाहीच. मुलालाही नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

आणि ज्या बाया बायांवर प्रेम करतात, त्या कुठे होत्या? मोर्चात होत्या, पण पुरुषांपेक्षा कमी. खेड्यातल्या तर फारच थोड्या दिसल्या. याचं कारण आपल्याला कोणी सांगायला नको. रात्रीच्या गाडीनं एकटीनं जायला पैसा लागतो, परवानगी लागते, परत आल्यावर घराचं दार उघडं असावं लागतं. फलक बहुतेक इंग्रजीत. कंपन्यांच्या जाहिराती असलेल्या टोप्या वाटल्या जात होत्या. आमच्याशी मराठीत बोलायला आले ते तृतीयपंथी साथी आणि ती फुगडीवाली जोडी. स्वातंत्र्य आहे, पण तिथवर पोचायचं तिकीट महाग आहे.

म्हणून आपल्या मंडळांनी काय करायचं, ते मांडते.

एक. कायदा माहीत करून घेऊ. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३७७ खाली असे संबंध गुन्हा होते. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मिळाला नाही. तरी दोन सज्ञान मुली एकत्र राहू लागल्या तर तो गुन्हा नाही, हे आपल्याला ठामपणे सांगता आलं पाहिजे. पोलीस ठाण्यात तर सांगता आलंच पाहिजे.

दोन. मुलीला माहेरच्यांनी कोंडलं तर कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ सालचा कायदा बापाविरुद्ध, भावाविरुद्धही वापरता येतो. तो फक्त नवऱ्यासाठी आहे असं समजू नका. कोंडलेल्या माणसाला सोडवायला उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी एकांतात, निर्भय वातावरणात बोलावं आणि तिचा कल बदलायला समुपदेशन करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४मध्ये बजावलं आहे. २०२४ सालीच केंद्र सरकारनं कळवलं की अशा जोडीदारांना रेशन कार्डासाठी एक कुटुंब धरावं आणि बँकेत जोडखातं उघडायला आडकाठी नाही. रेशनची लढाई आपण लढलेल्या आहोत. हे काम आपल्याला जमेल.

तीन. सल्ला केंद्रात एखादी बाई आली की "मूल होईल, सगळं ठीक होईल" हे वाक्य बंद करू. तपासणी दोघांची. आणि घटस्फोट हवा असेल तर पोटगीसह, तिच्यावर ठपका न येता. नवऱ्याचं गुपित चव्हाट्यावर न आणताही तिला न्याय मिळवून देता येतो का, हे वकील बाईंबरोबर बसून शिकायला हवं. गावात त्याचं नाव फुटलं तर त्याचा जीव जाईल. गुपित दाबलं तर तिचं आयुष्य जाईल. यात सोपं काही नाही. पण दोघांपैकी आपण पहिली कोणाची, असं विचाराल तर मी तिची. ती आपल्याकडे आली आहे, आणि तिच्यासाठी मुंबईत कुठलाही मोर्चा निघत नाही.

चार. "लग्न करायचं नाही" म्हणणाऱ्या मुलीला कारण विचारायचं नाही. शिकायचं असेल, नोकरी करायची असेल, मैत्रिणीबरोबर राहायचं असेल, किंवा नुसतंच नको असेल. "नको" एवढं पुरेसं धरायचं. बाईच्या "नको"ला किंमत यावी म्हणून तर आपली चळवळ उभी राहिली.

मी तिथे जाऊन खूश झाले की नाराज, असं काल एकीनं विचारलं. मी दोन्ही आहे. त्या लोकांच्या अंगातली भीती चार तास का होईना गेलेली पाहिली, तो आनंद खोटा नाही. आणि त्या आनंदाची किंमत कुठेतरी एखादी बाई घरात बसून भरते आहे, तो रागही खोटा नाही. आनंदासाठी राग गिळायचा नाही, आणि रागापायी त्यांच्यावर दगड उचलायचा नाही.

आता चर्चेला तासभर ठेवला आहे. ज्यांना माझं बोलणं पटलं त्यांनी थोडं थांबावं. ज्यांना राग आला आहे, त्यांनी आधी बोलावं.