दंडनायक विमलशाह : जिंकलेल्या भूमीचा कारभारी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांनी देलवाड्याची यात्रा केलेली आहे. विमलवसहीच्या रंगमंडपात मान वर करून उभे राहावे, छतातील सोळा विद्यादेवी पाहाव्यात आणि बाहेर पडताना ‘विमलशाहांनी केवढे द्रव्य खर्चिले!’ असे उद्गार काढावेत, हा आपला परिपाठ. परंतु हा पुरुष आबूवर मुळात कशासाठी गेला, हे आपण सहसा विचारीत नाही. तो यात्रेकरू म्हणून गेला नव्हता. सैन्य घेऊन गेला होता.

काळ मोठा बिकट होता. इ.स. १०२५-२६ मध्ये गझनीच्या महमूदाने सोमनाथावर स्वारी केली. त्या वेळी अणहिलवाड पाटणचा चौलुक्य राजा पहिला भीमदेव राजधानी सोडून कच्छातील कंथकोटच्या आश्रयास गेला होता. राजसत्ता अशी डळमळली की सीमेवरील मांडलिक डोके वर काढतात. आबूचा परमार राजा धंधुक याने भीमदेवाचे वर्चस्व झुगारले. आबू म्हणजे गुजरातचा उत्तरेकडील उंबरठा; शिवाय माळव्याचा बलाढ्य भोजराजा हाही परमारच. भीमदेवाने प्राग्वाट, म्हणजे पोरवाड, कुळातील विमल यास दंडनायक नेमून धाडले. धंधुक निसटला आणि चित्तोड येथे असलेल्या भोजाच्या आश्रयाला गेला. चंद्रावती नगरी व अर्बुद प्रदेश यांचा कारभार विमलाच्या हाती आला.

अहिंसाधर्मी श्रावकाने शस्त्र कसे धरले, अशी शंका तरुण मंडळी विचारतात. श्रावकाने संकल्पी हिंसेचा त्याग करावयाचा असतो. राज्यरक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी जाणले आहे. या उत्तरावर मी अधिक रेंगाळत नाही, कारण माझ्या मते विमलाची खरी कसोटी रणांगणावर लागलीच नाही. ती नंतर लागली.

जिंकलेला प्रदेश सांभाळणे हे जिंकण्याहून अवघड. परका सेनापती, पिढ्यान्‌पिढ्या परमारांना मानणारी प्रजा, आणि हद्दीपलीकडे आश्रयास बसलेला पदच्युत राजा. हाती सैन्य असलेल्याला सोपा मार्ग एकच दिसतो : धंधुकाचा कायमचा बंदोबस्त. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्पा’त जी हकीकत आली आहे, ती मात्र वेगळी आहे. विमलाने धंधुकावर रुष्ट झालेल्या भीमदेवाची समजूत घातली, धंधुकाला चित्तोडहून परत आणले आणि त्याच्या संमतीने विक्रम संवत १०८८, म्हणजे इ.स. १०३१ मध्ये, आदिनाथांचे मंदिर उभारले. ज्याला आपण हुसकावले, त्यालाच सन्मानाने बोलावून ‘आपल्या भूमीवर देरासर बांधू का?’ असे विचारणारा प्रांताधिकारी! सैन्य असताना परवानगी मागावीशी वाटणे, यातच मला त्या माणसाचे मोठेपण दिसते. आपल्या धर्मस्थानांच्या जागांविषयी शेजाऱ्यांशी जे वाद होतात, त्यांचे कागद हाताळताना मला हा प्रसंग हटकून आठवतो.

आख्यायिका आणखी पुष्कळ आहेत. जमिनीच्या मालकांना विमलाने भूमीवर सुवर्णमुद्रा अंथरून मोबदला दिला, एकंदर खर्च अठरा कोटी त्रेपन्न लाख झाला, असे सांगतात. आम्हा व्यापाऱ्यांना आकडा ऐकला की वही पाहण्याची खोड. या आकड्याला तसा आधार नाही. मात्र जमीन हिसकावून न घेता विकत घेतली, ही स्मृती लोकांनी जपली, हे आकड्याहून मोलाचे आहे.

आणखी एक सांगावयास हवे. ज्या रंगमंडपाने आपण दिपून जातो, तो विमलाचा नव्हे; अभ्यासकांच्या मते तो बाराव्या शतकात त्याच्या थोरल्या बंधूच्या, नेढाच्या, वंशातील मंत्री पृथ्वीपाल याने बांधविला. विमलाचे मूळ मंदिर काळ्या पाषाणाचे, बरेच साधे. समोरच्या हस्तिशाळेतील विमलाची अश्वारूढ मूर्ती पाहून आपण वीराला नमस्कार करतो. साधा गाभारा मात्र घाईत ओलांडतो.

त्याने जोडलेले संबंध अखंड टिकले, असे मात्र म्हणवत नाही. धंधुकाचा पुत्र पूर्णपाल याचा इ.स. १०४२ चा शिलालेख वसंतगड येथे आहे. त्यावरून अर्बुद प्रदेशावर पुन्हा परमारच राज्य करीत होते, हे दिसते. पुढे कुमारपालाच्या काळी विक्रमसिंह परमाराने बंड केले व त्याला पदच्युत व्हावे लागले. तरीही गादी परमारांच्याच घराण्यात राहिली. विमलवसहीनंतर सुमारे दोनशे वर्षांनी, इ.स. १२३० मध्ये, तेजपालाने शेजारीच नेमिनाथांची लूणवसही उभारली, तेव्हा आबूच्या गादीवर सोमसिंह परमार होता. त्या मंदिराच्या पूजेअर्चेसाठी त्याने एक गाव इनाम दिले. तेथील शिलालेखात त्याची नोंद आहे.

जय जिनेंद्र.