हप्ते भरून झाल्यावर

बचत गटाचे हप्ते भरून झाले की आम्ही अर्धा तास फोनवर गाणी ऐकतो. लग्नात वाजतात ती नाही, फारशी कुणाच्या कानावर न पडलेली. ‘अभंग रिपोस्ट’ या तरुण पोरांच्या बँडचे अभंग लावले. गिटार, ड्रम ऐकून म्हाताऱ्या आधी नाक मुरडून बसल्या, मग टाळ्यांचा ठेका धरला. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅपवाल्यांचं २०१९ सालचं ‘द वारली रिव्होल्ट’ही ऐका. आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर त्यात गातात. रॅप म्हणजे नुसती बडबड, असं आम्हांला वाटायचं.

पण खरा वेळ गेला तो जात्यावरच्या ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या जमवल्या. ‘पारी’च्या वेबसाइटवर २०१७ पासून त्या येतात, फुकट, गाणारणीच्या नावागावासकट. ते ऐकून आमच्या एक काकू म्हणाल्या, “त्यात काय! मलाही शंभरेक येतात.” सून बघतच राहिली. वीस वर्षं एका घरात, तिला पत्ताच नव्हता! जातं तर कधीच विकलं.

आतापर्यंत चाळीस ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्यात. काकूंना दम लागतो, म्हणून एका वेळी पाचच.