चूक कोणाला दिसावी?



मी भाषेचा शिक्षक, संगणक हा माझा विषय नव्हे. तरीही आज संकेतस्थळांच्या चुकांविषयी बोलणार आहे, कारण प्रवेशाच्या दिवसांत आपल्या शिरगावातील एका मातेसोबत मी तिच्या मुलीचा ऑनलाइन अर्ज भरावयास बसलो होतो. अर्ज भरला, बटन दाबले आणि पडदा कोरा! पुन्हा भरला, पुन्हा कोरा. त्या संस्थेत फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "आमच्याकडे काहीच चूक दिसत नाही." गंमत अशी की ते खरेच सांगत होते.

ते संकेतस्थळ पीएचपी या भाषेत लिहिलेले होते. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली ती प्रसिद्ध केली. मराठी विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो तीही याच भाषेतली. हिच्या 'पीएचपी डॉट आयएनआय' नावाच्या फाइलीत चुकांची तीन बटने आहेत. 'एरर रिपोर्टिंग' म्हणजे कोणत्या चुकांची दखल घ्यावयाची, 'डिस्प्ले एरर्स' म्हणजे त्या पडद्यावर दाखवावयाच्या की नाही, आणि 'लॉग एरर्स' म्हणजे त्या नोंदवहीत लिहावयाच्या की नाही.

चालू संकेतस्थळावर दुसरे बटन बंदच हवे. नाहीतर फाइलीचा पत्ता, ओळीचा क्रमांक, प्रसंगी डेटाबेसचा पासवर्डसुद्धा कोणाही अनोळखी माणसापुढे उघडा पडतो. पण त्या संस्थेतील कोणीतरी लाजेपोटी पहिलेच बटन शून्यावर आणून ठेवले होते. मग पडद्यावर काही नाही आणि वहीतही काही नाही. आजारी माणसाला दवाखान्यात न नेता त्याचे तोंड बांधून ठेवावे, तसेच हे!

पुढे एका जाणत्या मुलाने दखल पूर्ण म्हणजे 'ई ऑल' केली, नोंद चालू केली, पडदा बंदच ठेवला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. आम्ही चौथ्यांदा अर्ज भरला, आणि वहीत दोन ओळी उमटल्या. पहिली : नावाचा तिसरा तुकडा सापडत नाही. दुसरी : आडनावाचा रकाना रिकामा, म्हणून डेटाबेसने अर्ज नाकारला. मुलीचे नाव दोनच शब्दांचे होते! नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन शब्द प्रत्येकाला असतातच, असे कार्यक्रम लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. आपल्या कितीतरी घरांत तसे नसते, हे मी आपणांस सांगावयास नको. किती मुलामुलींचे अर्ज असे कोऱ्या पडद्यात गेले असतील? नोंदच नव्हती, तेव्हा मोजणार कोण?

विद्यार्थी मित्रांनो, शिकताना तुमच्या स्वतःच्या संगणकावर मात्र तिन्ही बटने चालू ठेवा. एक खाच मात्र ध्यानात घ्या. पुष्कळ मुले कार्यक्रमाच्या पहिल्याच ओळीत चुका दाखवण्याचा हुकूम लिहितात आणि तरीही पडदा कोराच राहतो. त्याच फाइलीत अर्धविराम राहिला असेल, तर ती फाइल चालूच होत नाही. मग तो हुकूम पाळणार कोण? यास्तव हुकूम आयएनआय फाइलीतच द्यावा. नोंदवही संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरात ठेवू नये, नाहीतर तीही जगजाहीर होते.

त्या अर्जातील आडनावाचा रकाना आता सक्तीचा राहिलेला नाही. मुलीचा अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाला.