ऑफिसचा फोन नव्या ट्रंकवर टाकताना

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. विजेबरोबर फोनही गेले. म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर ऑफिससाठी फायबरवरून नवी एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेट पद्धतीनं चालणारी फोन लाइन, घेतलीत, तरी जुनी तांब्याची लाइन लगेच काढून टाकू नका.

ऑफिसच्या एक्स्चेंजमध्ये बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी नवी ट्रंक पहिली लावा, जुनी दुसरी. पहिली बंद पडली, की कॉल दुसरीवरून जातो. खरी गफलत होते ती आकड्यांत. बाहेरची लाइन घ्यायला आपण 9 दाबतो; तो 9 एक्स्चेंजनं गाळायला हवा, नाहीतर पुढे चुकीचा नंबर जातो. शिवाय 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतं. नव्या ट्रंकला नंबर कसा हवा, हे फोन कंपनीला विचारूनच भरा.

आणीबाणीचा 112 मात्र 9 न दाबता, शून्य न लावता थेट लागला पाहिजे. माझ्या मते हा नियम सगळ्यात आधी भरावा.

मग फायबरची वायर मुद्दाम काढा आणि कॉल जुन्या लाइनवरून जातो का, हे एखादा मोबाइल लावून पाहा. हे काम पावसाआधी, मे महिन्यातच उरका. एक्स्चेंजला बॅटरी जोडली आहे ना, तेही बघा.