खालीं डोकें, वर पाय

एखाद्याचा सगळा कारभार उफराटा असला म्हणजे 'खालीं डोकें, वर पाय' असें म्हणण्याची मराठींत रीत आहे. परंतु सृष्टींत असाही एक जीव आहे कीं, जो आपला संसार खरोखरीच खालीं डोकें आणि वर पाय करून चालवितो, आणि तोही मोठ्या शहाणपणानें. इंग्रजी बोलणारे लोक त्याला 'नटहॅच' म्हणतात. मराठी पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत त्याच्या कुळाला शिलींध्री असें नांव दिलेलें आहे. या कुळांतील मखमली कपाळाचा एक सुंदर पक्षी सह्याद्रीच्या रानांत राहतो. त्याचा अमेरिकेंतील पांढऱ्या छातीचा भाऊबंद मात्र भर हिंवाळ्यांत लोकांच्या खिडकीशीं दाणे टिपावयास येतो. त्याचीच ही हकीकत आहे.

न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क राज्य आणि त्यालगतचा कॅनडाचा ओंटारिओ प्रांत या मुलखांत डिसेंबर उजाडला कीं ओक आणि मेपल निष्पर्ण होतात, जमीन बर्फाखालीं जाते, आणि दिवस जेमतेम नऊ तासांचा उरतो. उन्हाळ्यांत गाऊन गेलेले बहुतेक पक्षी दक्षिणेकडे निघून गेलेले असतात. सर्वत्र शांतता पसरलेली असतांना परसांतील एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्यावरून 'यँक, यँक' असा नाकांत बोलल्यासारखा आवाज येतो. नीट पाहिलें तर एक ठेंगणा पक्षी सरळ खालीं डोकें करून बुंध्यावरून उतरत असलेला दिसतो.

त्याची लांबी १३ ते १४ सेंटिमीटर आणि वजन १८ ते ३० ग्रॅम, म्हणजे सराफाच्या कांट्यावर दीड ते अडीच तोळे. पाठ निळसर राखी, तोंड व छाती शुभ्र, शेपटीखालीं तांबूस छटा, आणि डोक्यावर काळी टोपी. नराची टोपी काळीभोर असते, मादीची बहुधा करडी. सुतार पक्षी बुंध्यावर चढतांना आपल्या ताठ शेपटीचा टेकू घेतो. शिलींध्रीची शेपटी आंखूड. तिचा त्याला आधार लागत नाहीं. तो एक पाय वर आणि एक पाय खालीं ठेवतो. वरच्या पायाच्या नख्या सालींत रुतवून तो लोंबतो आणि खालच्या पायानें तोल सांवरतो. खालून वर जाणाराच्या दृष्टीला ज्या फटी पडत नाहींत, त्या वरून येणाराला दिसतात. त्या फटींत दडलेले किडे व कोळी हें त्याचें अन्न. जगाला जी चाल उफराटी वाटते, तींतच त्याच्या पोटाची सोय आहे.

टणक कवचाचें फळ सालीच्या भेगेंत घट्ट बसवावयाचें आणि चोचीचे घाव घालून फोडावयाचें, या त्याच्या संवयीवरूनच त्याचें इंग्रजी नांव पडलें. परसांत दाण्यांची पेटी टांगून तींत सूर्यफुलाचें काळें बीं किंवा भुइमुगाचे दाणे ठेवले, शेजारीं तारेच्या जाळींत गुरांच्या चरबीचा गोळा अडकविला, कीं हा पाहुणा हळूहळू येऊं लागतो. एक बीं उचलतो आणि उडून जातो. थोड्याच वेळानें पुन्हां येतो आणि पुन्हां एकच बीं नेतो. पाहणाराला आश्चर्य वाटतें कीं, एवढ्याशा पोटांत मावतें तरी किती! परंतु तो सगळें खात नाहीं. प्रत्येक बीं तो निराळ्या ठिकाणीं सालीच्या फटींत खोंचतो, आणि त्यावर कधीं सालीचा तुकडा, कधीं दगडफूल, तर कधीं थोडेसें बर्फ ठेवून तें झांकतो. सगळें धान्य एकाच कणगींत भरलें तर एकच चोर सर्वस्व नेऊं शकतो. शंभर फटींत ठेवलें तर फार तर दोनचार दाणे जातात.

शिलींध्रीचें जोडपें वर्षभर आपल्याच हद्दींत राहतें. हिंवाळ्यांत तें, आपल्याकडील रामगंग्याच्या कुळांतील चिकडी व टिटमाऊस या पक्ष्यांच्या थव्याबरोबर हिंडतें. डोळे अनेक असले म्हणजे ससाण्यावर पाळत चांगली राहते. एका प्रयोगांत थव्यांतील टिटमाऊस बाजूला काढले, तेव्हां शिलींध्री बिचकूं लागले आणि उघड्यावरच्या पेटीकडे येईनासे झाले. तांबड्या छातीच्या शिलींध्रीविषयींचें संशोधन २००७ सालीं प्रसिद्ध झालें; त्यांत असें दिसून आलें कीं, चिकडीची धोक्याची हांक ऐकून हा पक्षी शत्रु कोणत्या प्रतीचा आहे हें जाणतो. लहान घुबड चपळ असतें, म्हणून त्याचें भय अधिक. मोठ्या घुबडाचें कमी. शेजाऱ्याच्या भाषेंतला एवढा भेद त्याला कळतो.

आतां या दाण्यांच्या पेटीमागें एक चिंता दडलेली असते. मुलें दूर गेलेलीं, घर रिकामें, आणि सकाळीं खिडकीशीं बसून पांखरें पाहणें हाच विरंगुळा, अशा वृद्ध माणसांना ती विशेष जाणवते. उद्यां अंथरूण धरावें लागलें, पेटी रिकामी राहिली, तर हीं पांखरें उपाशी मरतील काय? पुण्य समजून जें केलें, त्यानेंच तीं परावलंबी झालीं असतील काय?

विस्कॉन्सिन राज्यांत मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल या शास्त्रज्ञांनीं चिकडी पक्ष्यांवर याच प्रश्नाची परीक्षा केली. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, ज्यांना दाणे मिळत होते त्यांच्यापैकीं शेंकडा ६९ पक्षी हिंवाळा तरून गेले. ज्यांना मिळत नव्हते त्यांच्यापैकीं शेंकडा ३७च. हा फरक मुख्यत्वें कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत पडला. म्हणजे अडीअडचणीला दाणा जीव वांचवितो, हें खरें. पुढें १९९२ सालीं त्यांनीं दुसरी गोष्ट दाखवून दिली. ज्या रानांत २५ वर्षें दाणे घातले जात होते, तेथील पेट्या त्यांनीं काढून टाकल्या. तरीही तेथील पक्ष्यांच्या जगण्याचें प्रमाण, जेथें कधींच दाणे घातले नव्हते त्या रानांतल्याइतकेंच राहिलें. पेटीवर येणारे पक्षीसुद्धां आपल्या रोजच्या गरजेचा सुमारें एक पंचमांश भागच तेथून घेत. बाकीचें ते आपल्या मेहनतीनें मिळवीत. चिकडी म्हणजे शिलींध्री नव्हे. परंतु दोघे एकाच थव्यांत हिंडतात व एकाच थंडीशीं झुंजतात. म्हणून त्या चिंतातुर जिवांनीं या उत्तरानें धीर धरावयास हरकत नाहीं. दाराशीं येणारा हा पक्षी भिकारी नव्हे. तो आपल्या घरचें खाऊन आलेला पाहुणा आहे.

मात्र पाहुण्याला बोलावणाराकडे कांहीं कर्तव्यें येतात. २०२०-२१ च्या हिंवाळ्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील भागांत पाइन सिस्किन नांवाच्या लहान पक्ष्यांमध्यें साल्मोनेला रोगाची सांथ पसरली. पेटीवर गर्दी होते आणि विष्ठेनें दाणे दूषित होतात, म्हणून कांहीं काळ पेट्या उतरवून ठेवा, अशी विनंती लोकांना करावी लागली. यासाठीं दर दोन आठवड्यांनीं पेटी घांसून धुवावी, ओले व बुरसलेले दाणे फेकून द्यावे. दुसरा धोका खिडकीच्या कांचेचा. इमारतींवर आदळून अमेरिकेंत दरवर्षीं ३६ कोटी ५० लाख ते ९८ कोटी ८० लाख पक्षी मरतात, असा अंदाज २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पेटी कांचेपासून एका मीटरच्या आंत ठेवली तर पक्षी वेग घेण्यापूर्वींच कांच येते आणि मार लागत नाहीं; नाहीं तर ती चांगली दहा मीटर दूर असावी. मांजर घरांत ठेवावें, हें सांगावयास नकोच.

खिडकींतून पाहणाराचें पाहणें व्यर्थही जात नाहीं. ओंटारिओ प्रांतांतील लाँग पॉइंट पक्षिवेधशाळेनें १९७६ सालीं, घरोघरच्या पेट्यांवर येणाऱ्या पक्ष्यांची मोजणी लोकांकडूनच करवून घेण्यास आरंभ केला. १९८७ सालीं कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा त्यांत सामील झाली आणि तें काम साऱ्या उत्तर अमेरिकेंत पसरलें. कोणत्या वर्षीं सूचिपर्णी झाडांना फळ कमी आलें आणि तांबड्या छातीचे शिलींध्री झुंडीनें दक्षिणेकडे उतरले, हें अशाच साध्यासुध्या माणसांच्या नोंदींवरून कळून येतें.

परंतु सर्वांत मोठें कर्तव्य दाण्यांचें नाहीं. तें झाडाचें आहे. हिंवाळ्याच्या पंधरा तासांच्या रात्रीं हा दीड तोळ्याचा जीव पेटींत झोंपत नाहीं. जुन्या झाडाच्या ढोलींत झोंपतो. तो स्वतः ढोली क्वचितच कोरतो; फांदी मोडून पडलेली पोकळी किंवा सुताराचें सोडलेलें घर त्याला लागतें. वसंतांत मादी अंडीं घालते तींही तेथेंच. त्याची कणगी म्हणजे म्हाताऱ्या बुंध्याची भेगाळलेली साल. गुळगुळीत सालीच्या नव्या रोपट्यावर त्याला ना अन्न सांपडतें, ना साठवण करतां येते. म्हणून परसांतलें जुनें झाड एका बाजूनें वाळूं लागलें, आणि तें दिसावयास बरें दिसत नाहीं एवढ्यासाठीं घरधन्यानें करवत मागविली, तर त्याच्या पेटींतल्या दाण्यांना फारसा अर्थ उरत नाहीं. एका हातानें घांस द्यावा आणि दुसऱ्या हातानें घर पाडावें, असें तें होतें.

यावर तोड नाहीं असें नाहीं. छपरावर किंवा वाटेवर पडण्याचें भय असलेल्या फांद्या तेवढ्या जाणत्या माणसाकडून उतरवून घ्याव्या, आणि जेथें कोणाला धोका नाहीं तेथें बुंधा उभा राहूं द्यावा. दाणा हा चार थंड दिवसांचा आधार आहे. तो वाळका बुंधा मात्र पाहुण्याचें स्वतःचें बिऱ्हाड आहे. तें राखलें तर एखाद्या हिंवाळ्यांत घरधन्याची पेटी रिकामी राहिली, तरी त्या बुंध्यावरून खालीं डोकें करून उतरणारा तो पक्षी तिच्यावांचून आपलें पोट भरील.