शाळेसाठी तासभर काळोख

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



"परसात दुर्बीण लावून रात्र रात्र करतोस तरी काय?" हा प्रश्न सकाळपासून सात-आठ जणांनी विचारला. एकाने बाजूला घेऊन "माझी पत्रिका बघशील का?" असंही विचारलं. त्याला इथूनच सांगतो, माझ्या दुर्बिणीतून शनीची कडी दिसतात, साडेसाती दिसत नाही.

माझी दुर्बीण आठ इंची आरशाची आहे. डॉब्सोनियन म्हणतात त्या प्रकारची, म्हणजे लाकडी बैठकीवर ठेवलेली एक जाड नळी. हाताने ढकलायची आणि बघायचं. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे सात मिलिमीटर उघडते. तिच्या तुलनेत हा आरसा सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो. दुर्बीण "किती पट मोठं दाखवते" यापेक्षा "किती प्रकाश गोळा करते" हे महत्त्वाचं. कारण मी जे बघतो ते लहान नसतं, फिकं असतं. देवयानी दीर्घिका आकाशात पूर्ण चंद्राच्या कितीतरी पट लांब पसरलेली आहे, पण ती नुसत्या डोळ्यांना कापसाच्या पुंजक्याएवढीच जाणवते.

बघायच्या वस्तू मुख्यतः तीन प्रकारच्या: तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका. आज रात्री जेवणानंतर वर बघितलंत तर तिन्ही सापडतील.

पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असेल. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या जवळच एक धूसर ठिपका आहे, तो मृगातला तेजोमेघ. हे ताऱ्यांचं बाळंतघर. दुर्बिणीतून पाहिलं की पंख पसरल्यासारखा राखी-हिरवट ढग आणि त्याच्या मधोमध चार नवजात तारे दिसतात. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. वेरूळचं कैलास लेणं ज्या शतकात कोरलं गेलं, साधारण त्या शतकात निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो.

डोक्याकडे कृत्तिका. हा खुला तारकागुच्छ, सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर. इथून आपल्याकडे आज पोचणारा प्रकाश शिवरायांच्या जन्माआधी निघाला. कृत्तिकेतले सगळे तारे एकाच ढगातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मले, म्हणजे एका वर्गातलेच. अशा गुच्छातले तारे हळूहळू पांगत जातात आणि शेवटी कोण कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. आपला सूर्यही अशाच एखाद्या गुच्छात जन्मला असावा असं शास्त्रज्ञ मानतात. त्याचे वर्गमित्र आकाशगंगेत कुठेतरी विखुरले आहेत. आपण त्या मानाने नशीबवान. ४२ वर्षांनी का होईना, व्हॉट्सॲपवर सापडलो.

दीर्घिका बघायची तर भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. तो पश्चिमेकडे कललेला असेल. उत्तराभाद्रपदेच्या वरच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून दोन तारे पुढे जा, तिथून उत्तरेकडे वळून दोन फिके तारे मोजा. त्यातल्या दुसऱ्याजवळ धुरकट डाग दिसला की तीच देवयानी. इराणमधल्या अल सूफी या ज्योतिर्विदाने ९६४ साली तिची "लहानसा ढग" अशी नोंद केली. हा ढग आपल्याच आकाशगंगेत आहे की बाहेर, हा वाद विसाव्या शतकापर्यंत चालला. १९२३ साली एडविन हबलला त्यात एक रूपविकारी तारा सापडला. त्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता आलं आणि कळलं की ती आपल्या आकाशगंगेबाहेरची, स्वतंत्र दीर्घिका आहे. आजच्या मोजणीनुसार ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तो प्रकाश निघाला तेव्हा आफ्रिकेत आपले पूर्वज दगडाची ओबडधोबड हत्यारं करत होते.

आणि आपल्या बॅचचा प्रकाश? ईशान्येला एक ठळक पिवळसर तारा दिसेल, ब्रह्महृदय. तो सुमारे ४३ प्रकाशवर्षांवर आहे. आपण दहावीचे पेपर लिहीत होतो, जवळजवळ तेव्हा निघालेला त्याचा प्रकाश आज शाळेच्या मैदानावर पडतोय.

आपल्या अक्षांशाचं एक वैभवही सांगतो. वैशाखात रात्री दहा-अकराला दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम २४ अंशांवर, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त तारकागुच्छ दिसतो. एक कोटीच्या आसपास तारे एका गोळ्यात दाटलेले. दुर्बिणीतून बघताना काळ्या फरशीवर रवा सांडल्यासारखं वाटतं. हौशी निरीक्षक आजही चार्ल्स मेसिये या फ्रेंच धूमकेतू-शोधकाची यादी वापरतात. त्यात ११० वस्तू आहेत, पण ओमेगा सेंटॉरी नाही, कारण मेसियेच्या पॅरिसमधून तो क्षितिजावर येतच नाही. आपल्याला तो घरच्या अंगणातून मिळतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फोटोत असतात तसे लाल-निळे रंग दुर्बिणीत दिसत नाहीत. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, आणि त्या नजरेच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. म्हणून फिकी दीर्घिका बघताना तिच्याकडे थेट न बघता थोडं बाजूला बघायचं, की ती उमटते. आणि त्याआधी वीस ते तीस मिनिटं अंधारात नुसतं बसायचं. मोबाइलची एक झलक पुरते, सगळी तपश्चर्या पाण्यात. निरीक्षण म्हणजे निम्मं हे बसणंच आहे.

इथे माझ्या मुख्य मुद्द्याला येतो. माझ्या वहीत पंधरा वर्षांच्या नोंदी आहेत. तेव्हा परसातून त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका दिसायची, सप्तर्षीच्या शेपटाजवळच्या एका दीर्घिकेत तर भोवऱ्याची वळणं जाणवायची. आज त्रिकोणातली दीर्घिका अजिबात दिसत नाही आणि भोवऱ्याच्या जागी दोन पुसट डाग उरलेत. दुर्बीण तीच, आरसा धुऊन स्वच्छ केलेला. बदललं ते आकाश. तारकागुच्छ अजून टिकून आहेत, कारण त्यांचे तारे टोकदार ठिपके असतात. दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला असतो, त्यामुळे आकाश उजळलं की पहिला बळी तिचा. मोठी दुर्बीण आणून फार उपयोग होत नाही, ती आकाशाचा उजेडही तितकाच जास्त गोळा करते.

हे आपल्याच गावापुरतं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांश लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. २०२३च्या एका अभ्यासात संशोधकांनी साधा हिशेब मांडला. आकाश याच वेगाने उजळत राहिलं, तर ज्या जागी मुलाच्या जन्मावेळी २५० तारे दिसतात, तिथे ते अठरा वर्षांचं होईल तेव्हा १०० दिसतील.

आपल्या बॅचच्या निधीतून मैदानावर उंच हायमास्ट दिवा द्यावा असा प्रस्ताव आहे. तो मांडणाऱ्यांची कळकळ मला ठाऊक आहे. खो-खोचा सराव संपवून मुली अंधारात घरी जातात, त्यांच्या वाटेवर उजेड हवाच. दिव्याला माझा विरोध नाही. प्रश्न दिवा कुठे बघतो याचा आहे. उंच खांबावरचा उघडा पांढरा दिवा निम्मा उजेड शेजारच्या शेतात आणि ढगांना वाटतो, आणि त्याच्या झगमगाटात सावलीत उभा असलेला माणूस उलट दिसत नाही. त्याऐवजी वाटेवर चार-पाच बुटके खांब घ्यावेत. वरून झाकलेले, उजेड खाली पायापाशी टाकणारे, पिवळसर दिवे, ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी. निळसर पांढरा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. आणि शेवटचं, या दिव्यांना एक बटण असावं, जे मैदान रिकामं झालं की बंद करता येईल.

हे अशक्य कोटीतलं नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, खाली वळवले. गावं अंधारात बुडाली नाहीत.

मग मी काय देणार? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, मी दुर्बीण घेऊन मैदानावर येईन. शाळेने त्या संध्याकाळी एक तास दिवे बंद ठेवावेत, इतकीच वर्गणी मला हवी आहे. मुलांसाठी हे आताच करायला हवं, त्याला कारण आहे. बाहुली सात मिलिमीटर उघडते ती कोवळ्या वयात. आपल्या वयात ती पाचच्या आसपास अडते. म्हणजे दुर्बीण बाजूला ठेवली तर नववीतल्या मुलीच्या डोळ्यात माझ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उजेड जातो. सगळ्यात चांगले डोळे या शाळेत आहेत, आणि सगळ्यात वाईट आकाश त्यांच्या वाट्याला येतंय.

पहिला शनिवार पुढच्या महिन्यातला. सात वाजता जमायचं. स्वेटर, चटई आणि लाल जिलेटीन कागद लावलेली बॅटरी आणा. नातवंडांना घेऊन या, त्यांना पहिल्या रांगेत बसवू. निधीवरची चर्चा चहानंतर आहे. हात वर करण्याआधी एकदा बाहेर जाऊन वर बघून या, एवढीच विनंती.